हात न पोचणारा सेल्फ: बोटीच्या इंजिनाचा स्टार्टर कसा बदलावा

ट्रकचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवायचा तर मेकॅनिक गाडीखाली गोणपाट टाकतो, पाठीवर सरकत आत जातो आणि वर बघत बोल्ट सोडतो. तसलंच सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बोटीत बसवलं की खालून वाटच उरत नाही. खाली बोटीचा तळ, बाजूला इंजिनाचा बेड, बेडच्या पलीकडे वर चढत जाणारी बोटीची कूस, आणि या तिघांच्या बेचक्यात सेल्फ. वरून बघावं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ऑइल फिल्टर आणि पाण्याचे पाइप आडवे येतात.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटींच्या इंजिनांची कामं करतो. सेल्फसाठी बोलावणं येतं ते बहुतेकदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट शाकारून ठेवलेली, आणि इंजिन दोन महिने दमट हवेत तसंच उभं. बंदी उठते, बर्फ भरलेला असतो, खलाशी गोळा झालेले असतात, आणि चावी फिरवली की नुसतं 'टक'. अशा वेळी घाई होते, आणि घाईतच बोटं चेचतात, बोल्ट तुटतात, चांगले सेल्फ भंगारात जातात.

या कामात वेळ जातो तो हात पोचवण्यात. बोल्ट सोडायला दहा मिनिटं पुरतात. म्हणून पाना लावण्याआधी जागा करायची, आणि जागा करण्याआधी सेल्फच गेलाय याची खात्री करायची. खाली सगळं याच क्रमाने लिहिलंय. मी २४ व्होल्टचं इंजिन धरून चाललोय, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. तुमचं इंजिन १२ व्होल्टचं असेल तर व्होल्टचे आकडे निम्मे करा, काम तेच.

आधी गुन्हेगार सेल्फच आहे का ते बघा

काही वर्षांपूर्वी एका बोटीवर गेलो तर तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, नवा सेल्फ आणूनच ठेवला होता. "दादा, जुना गेलाय, एवढा घालून द्या." मीही तपासलं नाही. चार तास खपून नवा घातला, चावी फिरवली, आणि पुन्हा तेच 'टक'. बॅटरीची निगेटिव्ह केबल इंजिनाच्या ब्लॉकला जिथे जोडतात, तिथलं थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, काढलं तर आत हिरवी भुकटी. तांब्याच्या तारा खाऱ्या हवेने आतून कुजल्या होत्या, वरची चिकटपट्टी मात्र शाबूत. दोनशे रुपयांचं काम होतं. त्या दिवसापासून मीटर लावल्याशिवाय मी सेल्फला हात लावत नाही.

मीटर घ्या आणि सुरुवात बॅटरीपासून करा. रात्रभर स्वस्थ असलेल्या दोन चांगल्या बॅटऱ्या मिळून २५ व्होल्टच्या थोडं वर दाखवतात. २४.४ च्या आसपास असतील तर निम्म्या रिकाम्या आहेत, आधी चार्ज करा. मग एकाला चावी फिरवायला सांगा आणि त्या क्षणी आकडा बघा. १९ च्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर इंजिन जाम आहे. आकडा २४ वरून हललाच नाही आणि सेल्फही फिरला नाही, तर वीज वाटेत कुठेतरी अडली आहे.

कुठे अडली ते शोधायला मीटरची लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर ठेवा. खुंटीवर म्हणजे शिशावर, क्लँपवर नव्हे. काळी सुई सेल्फच्या जाड बोल्टवर. तिथे हात पोचत नसेल तर मगरचिमटा लावलेली लांब वायर एकदाच अडकवून वर आणा. आता सेल्फ मारायला सांगा. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर केबल ठीक. एक व्होल्टच्या वर गेला तर त्या वाटेवरचा एखादा जोड, मेन स्विच किंवा केबलच वीज खाते आहे. हीच परीक्षा निगेटिव्ह बाजूची: एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या अंगावर. बोटीत दोष सापडतो तो बहुतेक इथेच.

मग चावीकडून येणारी बारीक वायर. सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फच्या अंगावर बसवलेल्या विजेच्या स्विचवर, ज्या टर्मिनलशेजारी ५० कोरलेलं असतं तिथे चावी फिरवल्यावर पूर्ण व्होल्टेज यायला हवं. येत नसेल तर चावी, रिले, फ्यूज किंवा न्यूट्रल स्विच बघा. गिअर न्यूट्रलमध्ये नसला तर काही बोटींत सेल्फ मुद्दामच बंद ठेवलेला असतो.

शेवटची तपासणी बहुतेक जण विसरतात. पुढच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावून, डिझेल तोडून इंजिन बंद करण्याचा दांडा ओढून ठेवून, इंजिन हाताने फिरवून बघा. सहा सिलिंडरचं इंजिन जड जातं, पण जातं. एका जागी दगडासारखं अडलं तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनावर सेल्फ मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढणं हे वेगळं आणि तातडीचं काम आहे.

आवाजावरूनही बरंच कळतं. सगळी वीज पोचूनही नुसतं 'टक' म्हणजे सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळलेत किंवा मोटरला आत वीज पोचवणारे कार्बन झिजलेत. मोटर भरकन फिरते आणि इंजिन हलतही नाही, म्हणजे पिनियनचा, सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचा, क्लच घसरतोय. खडखड करून दात घासल्याचा आवाज आला तर पिनियन आणि तो ज्यात अडकतो ती फ्लायव्हीलची दातेरी रिंग दोन्ही बघावे लागतील.

समुद्रात असताना असं झालं तर आधी नांगर टाका, मग इंजिनाकडे वळा. कार्बन अडकलेला जुना सेल्फ बाहेरून लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोकल्यावर एखाद वेळ चालतो. आत कायम चुंबक असलेल्या नव्या धाटणीच्या सेल्फला मात्र ठोकू नका, चुंबक तडकतात. आणि बोट वाहत चालली असेल तर उशीर न करता वायरलेसच्या चॅनेल १६ वर सांगा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे.

काय काय लागेल

गोटी पान्याचा (सॉकेटचा) सेट, त्यात १६ ते १९ मिलिमीटरच्या गोट्या नक्की. लांब एक्स्टेंशन, एक फुटाचे दोन तरी. युनिव्हर्सल जॉइंट. अर्धचंद्रासारखा वाकवलेला रिंग पाना, ज्याला आमच्याकडे सी पाना म्हणतात. वरच्या बोल्टासाठी याच्यासारखं हत्यार नाही. मिळाला नाही तर जुना रिंग पाना तापवून वाकवून घेतात, आम्हीही तसाच केलाय. छोटा आरसा, डोक्याला लावायची बॅटरी, चुंबकाची काठी, कागदी चिकटपट्टी, पेन्सिल. पेनाची शाई डिझेलच्या हाताने पुसली जाते, पेन्सिल टिकते.

याशिवाय चार हात दोर आणि फाटक्या जाळ्याचा तुकडा. जाळं कशाला? सेल्फच्या खाली ते झोळीसारखं बांधा. नट-वॉशर सुटले की तळातल्या काळ्या पाण्यात न जाता जाळ्यात पडतात. बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं घ्या.

वीज तोडणं

सेल्फची जाड केबल बऱ्याच बोटींत बॅटरीतून मेन स्विचमार्गे थेट येते, मध्ये फ्यूज नसतो. पाना तिच्यावर आणि इंजिनाच्या अंगावर एकाच वेळी टेकला तर शेकडो अँपिअर पान्यातून जातात. माझ्या उजव्या मनगटावर अजून एक पांढरा पट्टा आहे. मेन स्विच बंद केला होता, पण दिव्यांसाठीची बॅटरी पॅरलल वायरने त्याच केबलला जोडलेली होती, हे मला माहीत नव्हतं. पाना केबलच्या बोल्टला चिकटला, लाल झाला, आणि हात काढेपर्यंत घड्याळाचा स्टीलचा पट्टा तापून कातडीत उतरला.

म्हणून घड्याळ, अंगठी, कडं, गळ्यातली साखळी सगळं आधी काढून ठेवा. मेन स्विच बंद करा, आणि त्यावर भरवसा न ठेवता इंजिनाला जाणारी निगेटिव्ह केबल बॅटरीवरून काढा. निगेटिव्ह आधी, कारण ती काढताना पाना इंजिनाला लागला तरी काही होत नाही. मग पॉझिटिव्ह. दिव्यांची बॅटरी, सोलर पॅनेल, इन्व्हर्टर, चार्जर, जे जे असेल ते तोडा. काढलेल्या केबलींच्या टोकांना कापड गुंडाळा. शेवटी सेल्फच्या बोल्टवर मीटर लावून शून्य आलं की पुढे चला.

स्वयंपाकाचा सिलिंडर बोटीवर असेल तर तो बंद करून बाहेर काढा आणि इंजिनरूमची झाकणं उघडी ठेवा. गॅस हवेपेक्षा जड, तो गळला की तळात उतरून साचतो, आणि तुमची ठिणगीही तळाशीच पडणार असते.

जागा करणं

इथे सबुरी ठेवा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. तळातलं पाणी उपसून काढा, त्यातला तेलकट थर समुद्रात न टाकता डब्यात भरा. मग एक फळी अशी टाका की छाती तिच्यावर टेकवून दोन्ही हात मोकळे राहतील. एका हाताने स्वतःला सावरत दुसऱ्याने बोल्ट सोडणारा माणूस लवकर थकतो आणि चुकतो.

आता आरसा आणि मोबाइल घेऊन सेल्फच्या चारही बाजूंचे फोटो काढा. मोबाइल आत घालून व्हिडिओ घेतला की डोळ्यांना न दिसणारा मागचा बोल्टही दिसतो. किती बोल्ट आहेत, दोन की तीन, डोकी कुठल्या बाजूला आहेत, पान्याला फिरायला किती जागा आहे, हे बाहेर बसून ठरवा. मी बोटीवर पोचल्यावर पहिली वीस मिनिटं एवढंच करतो. शेजारी उभा असलेला मालक अस्वस्थ होतो, पण ती वीस मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात.

आडवं येणारं काढायला कचरू नका. ऑइल फिल्टर काढायला पाच मिनिटं लागतात आणि वीतभर जागा मिळते. डिझेल फिल्टरचं हेड ब्रॅकेटसह बाजूला सरकतं, बऱ्याचदा पाइप न काढताही. पाण्याचा पाइप काढायचा असेल तर आधी समुद्राच्या पाण्याचा तळातला कॉक बंद करा, आणि बंद केल्याची चिठ्ठी चावीला बांधा. ती चिठ्ठी नसेल तर इंजिन सुरू होतं आणि पाण्याविना तापतं. उघड्या तोंडांत स्वच्छ चिंधी कोंबा.

एवढं करूनही सेल्फ बाहेर येत नसेल तर काही बोटींत इंजिन थोडं उचलावं लागतं. पायांचे बोल्ट सैल करून बाजूने जॅक लावायचा. हे शेवटचं पाऊल समजा, कारण मग इंजिन आणि शाफ्टच्या कपलिंगची रेघ पुन्हा जुळवावी लागते. ती जुळवणी बोट पाण्यात तरंगत असतानाच करायची. किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीचा आकार किंचित बदललेला असतो, तिथे जुळवलेलं पाण्यात चुकतं. कपलिंगच्या दोन तोंडांतली फट चारी बाजूंनी फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजा. पाच इंची कपलिंगला वर-खाली किंवा डाव्या-उजव्या फटीतला फरक ०.१२ मिलिमीटरच्या आत हवा. हे जमणारा माणूस हाताशी नसेल तर इंजिन उचलू नका.

वायरी आणि बोल्ट

वायर काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून आकडा लिहा. सोलेनॉइडच्या जाड बोल्टवर बॅटरीच्या केबलसोबत अल्टरनेटरची आणि पॅनेलचीही वायर असते, तिन्ही एकत्र बांधून ठेवा.

जाड केबलचा नट सोडताना तिच्याखाली दुसरा नट असतो, तो फिक्स पान्याने धरून ठेवायचा. न धरता वरचा फिरवलात तर अख्खा बोल्ट फिरतो आणि सोलेनॉइडची बॅकेलाइटची टोपी तडकते. जुना सेल्फ दुरुस्तीला द्यायचा असेल तर ही टोपी जपलीच पाहिजे.

बसवायचे बोल्ट आदल्या संध्याकाळी गंज सोडवणाऱ्या स्प्रेने भिजवून ठेवा, रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा. सकाळी पहिला झटका सोडायच्या दिशेने न देता कसायच्या दिशेने अगदी किंचित द्या. गंजाची पकड मोडते, मग उलटा फिरवा. जिथे डोकं दिसत नाही तिथे गोटी पूर्ण बसली आहे का हे बोटाने चाचपल्याशिवाय जोर लावू नका. अर्धवट बसलेली गोटी डोकं गोल करते, आणि त्या कोपऱ्यात गोल झालेलं डोकं म्हणजे अख्खा दिवस गेला.

वरचा बोल्ट सगळ्यात अवघड. त्याच्याकडे सरळ समोरून जाता येत नसेल तर मागून, गिअरबॉक्सच्या बाजूने जा. दोन एक्स्टेंशन जोडून, टोकाला युनिव्हर्सल आणि गोटी लावून रॅचेट मोकळ्या जागेपर्यंत मागे आणा. युनिव्हर्सलवर चिकटपट्टीचे दोन फेरे मारा, मग तो वाकेल पण लोंबकळणार नाही. एका माणसाने आत गोटी डोक्यावर दाबून धरायची, दुसऱ्याने मागून फिरवायचं. डोकं इंजिनाच्या बाजूला तोंड करून असेल तर सी पाना, एका वेळी आठवा हिस्सा फेरा. हळू होतं, पण होतं.

सगळ्यात आधी वरचा बोल्ट सैल करा, पण काढू नका. मग खालचे काढा. सेल्फला दोराची झोळी घालून दोर वरच्या तुळईवरून घ्या आणि एका खलाशाच्या हातात द्या. मोठ्या इंजिनाचा जुना सेल्फ वीस किलोच्या वर भरतो आणि पोटावर झोपलेल्या माणसाला हात लांब करून तो पेलत नाही. दोर ताणला गेला की शेवटचा बोल्ट काढा. सेल्फ सरळ पिनियनच्या उलट दिशेला सरकवायचा, तिरका केला तर त्याचं नाक, म्हणजे पिनियनकडचं टोक, फ्लायव्हीलच्या घरात अडकतं. जागेवर चिकटून बसला असेल तर फ्लँजच्या, म्हणजे बोल्टांची भोकं असलेल्या पट्टीच्या, कडेवर लाकूड ठेवून हलके ठोके द्या. मध्ये पातळ पत्रा किंवा स्पेसर निघाला तर तो जिवापाड जपा. पिनियन रिंगपासून किती लांब उभा राहतो ते त्याच्यावर ठरतं.

भोकातून रिंग बघा

सेल्फ निघाल्यावर जे भोक दिसतं ते रोज दिसत नाही. आरसा आत घाला, टॉर्च मारा आणि मदतनिसाला इंजिन हळूहळू हाताने फिरवायला सांगा, बंद करायचा दांडा ओढलेलाच ठेवून. खडूची एक खूण करून पूर्ण एक फेरा मोजा. सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना जवळजवळ नेहमी तीन ठरावीक जागीच थांबतं, चार सिलिंडरचं दोन जागी. त्यामुळे रिंगचे दातही तेवढ्याच ठिकाणी झिजतात, बाकी रिंग नवी दिसते. दाताची पुढची कड थोडी गोल झाली असेल तर चालेल. अर्धे दात उडालेले दिसले तर नवा सेल्फ घालून उपयोग नाही, तो महिन्याभरात पिनियन खाईल. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स मागे घ्यावा लागतो, ते काम बंदीच्या दिवसांवर ठेवा.

नवा सेल्फ बाहेरच पारखा

जुना आणि नवा एका फळीवर शेजारी ठेवा. पिनियनचे दात मोजा. नाकाची लांबी, फ्लँजची भोकं, सोलेनॉइड कोणत्या कोनात बसलाय, व्होल्टेज, फिरण्याची दिशा, सगळं ताडून बघा. सोलेनॉइडचा कोन चुकला तर तो ब्लॉकला टेकतो. काही सेल्फचं नाक स्क्रू सोडून फिरवता येतं, काहींचं नाही. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीवर जुन्या सेल्फला निगेटिव्हसाठी वेगळा बोल्ट असेल तर नवाही तसाच घ्या. तिथे वीज बोटीच्या अंगातून परतू नये म्हणून मुद्दाम ती सोय केलेली असते. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत तर मोटारगाडीचा सेल्फ कधीच घालू नका. बोटीसाठी बनवलेल्या सेल्फमध्ये आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला भिडू नये अशी बांधणी असते.

बसवण्याआधी बाहेर चालवून बघा. जुन्या टायरमध्ये घट्ट रोवून पायाने दाबून धरा, कारण सुरू होताना तो जोरात उसळतो. निगेटिव्ह अंगाला, पॉझिटिव्ह जाड बोल्टला, मग त्याच बोल्टवरून एक बारीक वायर ५० नंबरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा. पिनियन खटकन बाहेर येऊन फिरला पाहिजे आणि वायर काढताच आत गेला पाहिजे. दोन-तीन सेकंद पुरेत. आत त्या कोपऱ्यात बसवून मग सदोष निघालेला नवा सेल्फ मी पाहिलाय, तो पुन्हा काढताना जो त्रास झाला तो टाळता आला असता.

बसवणं

सेल्फ ज्या तोंडावर बसतो ते पॉलिश पेपरने चकचकीत करा, आणि नव्या सेल्फच्या फ्लँजवरचा रंगही तेवढ्यापुरता खरवडा. बहुतेक सेल्फची निगेटिव्ह वीज याच तोंडातून परतते. रंगावर रंग टेकला तर नवा सेल्फही मरगळल्यासारखा फिरतो.

आता एक युक्ती सांगतो, जिच्यामुळे माझं काम निम्मं झालं. त्याच आट्यांचा एक लांब बोल्ट घ्या, डोकं कापून टाका, आणि कापलेल्या टोकाला हॅकसॉने एक खाच मारा. हा खुंट वरच्या अवघड भोकात हाताने घाला. सेल्फ दोराच्या झोळीतून खाली सोडा, वरचं भोक त्या खुंटावर ओवा आणि सरळ आत सरकवा. सेल्फ आपोआप रेषेत येतो, वजन खुंटावर राहतं, दोन्ही हात मोकळे. खालचे बोल्ट हाताने लावा, निदान चार-पाच आटे बोटांनी गेले पाहिजेत. मग खाचेत स्क्रूड्रायव्हर लावून खुंट काढा आणि त्याजागी खरा बोल्ट. तो गोटीतून पडू नये म्हणून गोटीत ग्रीसचा गोळा भरा.

सगळे बोल्ट बसेपर्यंत एकही कसू नका. सेल्फ तोंडावर सपाट बसलाय हे बोटाने चहूकडून चाचपा, मग आळीपाळीने कसा. १० मिलिमीटरच्या साध्या ८.८ दर्जाच्या बोल्टला ४५ ते ५० न्यूटन मीटर, १२ च्या बोल्टला ८० च्या आसपास. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. घर ॲल्युमिनियमचं असलं तर कमी जोर लागतो. स्पेसर काढला होता तसाच परत घालायला विसरू नका.

वायरी चिकटपट्टीच्या आकड्यांप्रमाणे. थिंबल आतून हिरवं असेल तर केबल वीतभर कापून नवं थिंबल दाबून घ्या, शक्यतो कथिल चढवलेल्या तांब्याच्या केबलवर. सोलेनॉइडचे बोल्ट तांब्याचे, मऊ. खालचा नट धरून बेताने कसा. वर रबरी टोपी, आणि जोड पक्का झाल्यावर बाहेरून ग्रीसचा पातळ हात. ग्रीस जोडाच्या आत भरू नका. केबल मॅनिफोल्डपासून लांब नेऊन दर वीतभरावर चिमटा मारा. बोटीच्या हादऱ्याने मोकळी केबल कडेवर घासून महिन्याभरात नागडी होते.

पहिल्यांदा सुरू करताना

काढलेले पाइप आणि फिल्टर लावा, तेलाची पातळी बघा, चावीची चिठ्ठी वाचून पाण्याचा कॉक उघडा. बॅटरीला पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. एक माणूस मेन स्विचपाशी उभा राहू द्या.

पहिली चावी बंद करायचा दांडा ओढूनच फिरवा, तीन सेकंद. कान द्या: एकसारखा, जड, दमदार आवाज हवा. किंचाळल्यासारखा आला तर पिनियन आणि रिंगमधलं अंतर बरोबर नाही, थांबा आणि स्पेसर बघा. आवाज ठीक असेल तर मीटरच्या त्याच दोन परीक्षा पुन्हा करा, आकडे वहीत लिहा. पुढच्या वर्षी ते कामाला येतात.

मग इंजिन सुरू करा. दहा सेकंदांत सुरू झालं नाही तर मिनिटभर सेल्फला गार होऊ द्या. ज्या बोटींत थंड करणारं पाणी एक्झॉस्टमधून बाहेर जातं, तिथे इंजिन न पेटता सेल्फ मारत राहिलात तर ते पाणी सायलेन्सरमध्ये भरून उलटं सिलिंडरमध्ये चढतं. दोन-तीनदा अपयश आलं तर कॉक बंद करूनच पुढे मारा, आणि इंजिन पेटताक्षणी उघडा.

चावी सोडल्यावरही सेल्फ फिरत राहिला तर मेन स्विचवरच्या माणसाने तत्काळ स्विच तोडावा आणि इंजिनही बंद करावं. चालू इंजिनावर स्विच तोडल्याने अल्टरनेटर बिघडू शकतो, तरीही तोडावा. अडकलेला सेल्फ काही मिनिटांत केबल पेटवतो.

जुना का गेला?

हा प्रश्न तसाच सोडला तर नवाही त्याच वाटेने जाईल. सेल्फच्या वर काय आहे ते बघा. पाण्याच्या पंपाचं सील गळत असेल तर थेंब कुठे पडतात? फ्लायव्हीलच्या खालच्या कडेपर्यंत तळातलं पाणी चढत असेल तर ते उडून थेट सेल्फच्या नाकात जातं. पंपाचं सील बदला, तळ कोरडा ठेवा, आणि सेल्फवर रबरी चटईचा उतरता पडदा बांधा, खालून हवा खेळती ठेवून. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दव साचतं.

पहिली फेरी मारून आलात की बोल्ट आणि केबलीचे नट एकदा पुन्हा पान्याने बघा, हादऱ्याने थोडे सैल होतातच. जुना सेल्फ वाइंडरकडे, म्हणजे मोटरी दुरुस्त करणाऱ्याकडे, देऊन कार्बन, बुश आणि सोलेनॉइडचे संपर्क बदलून घ्या. चालवून बघा, तेलाचा हात फिरवा, आणि पिनियनला ग्रीस लावून झाकणाच्या डब्यात केबिनमध्ये वर ठेवा, तळात नको. सी पाना, खाच मारलेला खुंट आणि फोटोंची छापील प्रत त्याच डब्यात ठेवा.